ऐकणाऱ्याजवळ दुसरी प्रत नसते

मराठी श्राव्यपुस्तकं काढणारे प्रकाशक, निर्माते, दिग्दर्शक आणि अभिवाचक यांना,

स. न. वि. वि.

मी मिरजेत घरी शिवणकाम करते. ब्लाउज, पिको-फॉल, जून जवळ आला की शाळेचे गणवेश. दिवसाचे आठ-नऊ तास हात आणि डोळे मशीनवर असतात, कान मोकळे. शेजारी खुर्चीत माझ्या सासूबाई बसतात. आमच्याकडे सासूला आत्या म्हणतात. आत्या ८२ वर्षांच्या आहेत आणि काचबिंदूनं त्यांचे दोन्ही डोळे गेले त्याला सहा वर्षं झाली. शाळा चौथीपर्यंतच, पण वाचनालयाचं पुस्तक त्यांनी कधी मुदतीबाहेर ठेवलं नाही. चष्मा लावून, ओळीखाली बोट धरून वाचायच्या. डोळे गेल्यावर पहिले काही महिने त्या कुणाशी बोलल्याच नाहीत. मग मुलानं फोनवर एक कादंबरी लावून दिली. तेव्हापासून आम्ही दोघी तुमची पुस्तकं ऐकतो. आतापर्यंत दोनशेच्या वर झाली असतील.

तेव्हा हे पत्र तुमच्या कामाचा उपकार मानणाऱ्या बाईचं आहे, हे धरून पुढचं वाचा.

छापील पुस्तकात चूक राहिली तर वाचणारा ती पकडतो. अक्षर पडलेलं दिसतं, मागची ओळ पुन्हा बघता येते, शब्दावर थांबता येतं. शिवाय मुद्रितशोधक नावाचा माणूस आधीच तिथून गेलेला असतो, आणि त्याच्याही नजरेतून सुटलं तर शेवटी शुद्धिपत्र असतं. आत्यांना यातलं काहीच नाही. त्यांच्या दृष्टीनं तुमचं ध्वनिमुद्रण हेच ते पुस्तक. वाचणाऱ्यानं 'वेळ'चं 'वेल' केलं की त्यांच्या पुस्तकात वेलच उगवला. 'मूळ'चं 'मूल' केलं की वाक्यात कुठून तरी लेकरू आलं. मला हे ऐकताना कळतं, मी मशीन थांबवते आणि सांगते, "आत्या, वेळ म्हणायचंय त्यांना." पण मी बाजारात गेलेली असले तर?

मराठीत लिहिलेलं सगळं अक्षरावर कळत नाही, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असायला हवं. 'च' काय किंवा 'ज' काय, प्रत्येक अक्षर एकाच खुणेनं लिहितात आणि दोन तऱ्हेनं बोलतात. चार माणसं आली तो च वेगळा, जनावरांना चारा घातला तो वेगळा. 'जरा थांब' मधलं जरा आणि जरा म्हणजे म्हातारपण, लिहायला एकच, बोलायला दोन. एका कादंबरीत म्हातारी आई सुनेला म्हणते, "तू आता स्वतःसाठी जग." सगळं पुस्तक ज्या वाक्यापाशी येऊन थांबतं ते हे वाक्य. वाचणाऱ्या ताईंनी 'जगात'मधला 'ज' म्हटला, जगण्यातला म्हटलाच नाही. आवाज इतका गोड की काय सांगू. आत्या म्हणाल्या, "म्हंजी काय? ती सोताच जग हाय?" मी सांगितलं तेव्हा त्यांनी तेवढा भाग पुन्हा लावायला लावला आणि त्या ताईंच्या आवाजावर आपल्या तोंडानं योग्य शब्द म्हणाल्या. ऐकणाऱ्यानं स्वतः दुरुस्त करून ऐकायचं, हे बरोबर नाही.

ताईंना मी दोष देत नाही. हिंदी आणि मराठी दोन्हींत काम करणाऱ्या माणसाची जीभ कधी कधी एका बाजूला वळते. प्रश्न असा आहे की ती फाइल आमच्यापर्यंत येईपर्यंत किती जणांच्या हातातून गेली? ध्वनिमुद्रण करणारा होता, आवाज स्वच्छ करणारा होता, कुणीतरी मुखपृष्ठ लावलं, कुणीतरी जाहिरात लिहिली. पुस्तक समोर धरून पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकणारा माणूस यात होता का? तो असता तर सांगली जिल्ह्यातल्या कवठे महांकाळचं 'महांकाल' आणि म्हैसाळचं 'म्हैसाल' झालं नसतं. ही दोन्ही गावं मिरजेहून जवळ आहेत, माझी गिऱ्हाइकं आहेत तिथली. आपल्या गावाचं नाव पुस्तकात आलं म्हणून माणूस किती आनंदानं कान देतो आणि मग काय ऐकतो!

आता कुणी म्हणेल, बाई ळ साठी अडून बसल्यात. तसंही नाही. बहिणाबाई चौधरींची गाणी घ्या. बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं, त्या जात्यावर आणि शेतात गात होत्या. मुलगा सोपानदेव आणि घरच्यांनी ती उतरवून ठेवली म्हणून १९५२ साली आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह त्यांचं पुस्तक निघालं. खानदेशातल्या त्या लेवा बोलीत ळ चा य होतो, डोळे 'डोये' होतात. तिथं एका अभिवाचकांनी मनानंच सुधारणा करून शुद्ध ळ लावत नेला. मूळ गाणं कानातून आलं, कागदावर उतरलं आणि परत कानाकडे येताना वाटेत कुणीतरी त्याला शाळेत घालून आणलं. यमक तुटलं, ठेका तुटला. एका ठिकाणी ळ हवाच आणि दुसऱ्या ठिकाणी तो नकोच. हे नियमानं कळत नाही, ज्यानं ती भाषा ऐकली आहे त्याला कळतं.

बोलीबद्दल मला जास्त बोलायचं आहे, कारण सगळ्यात जास्त दुखतं ते इथं.

आत्या आटपाडीकडच्या. म्हणजे माणदेशातल्या, व्यंकटेश माडगूळकरांचं माडगुळे त्याच तालुक्यात. त्यांच्या मुलखातलं पुस्तक लागलं की त्या खुर्चीत पुढे सरकून बसतात. आणि मग वाचणारा शहरात बसून शिकलेली 'गावरान' भाषा काढतो. प्रत्येक वाक्य वर उचलायचं, 'आवं', 'बगा की वं', 'पावनं' असं तोंड भरून म्हणायचं, सगळी पात्रं थोडी मंद आणि थोडी विनोदी करायची. कोल्हापूरचा शेतकरी, माणदेशचा मेंढका, मराठवाड्यातली ऊसतोड करणारी बाई, वऱ्हाडातला पाटील, सगळ्यांना तीच एक भाषा. अशी भाषा महाराष्ट्रात कुठेच बोलत नाहीत. ती फक्त सिनेमात आणि तुमच्या ध्वनिमुद्रणांत आहे. आत्या एकदा पाच मिनिटं ऐकून म्हणाल्या, "ह्यो माणूस आमच्याकडचा न्हाई. ह्यो आमच्यावाणी बोलून दाखवतुया." आणि फोन माझ्या हातात दिला. ते पुस्तक आम्ही पुढे ऐकलं नाही.

मालवणी 'माका-तुका' म्हणण्यापुरती नसते, तिला स्वतःचा हेल आहे. अहिराणी वेगळी, वऱ्हाडी वेगळी, आगरी वेगळी. प्रत्येक बोलीत वाक्य कुठे चढतं आणि कुठे उतरतं हे ठरलेलं असतं, आणि राग, माया, टोमणा हे सगळं त्या चढ-उतारात असतं. लेखकानं आयुष्य घालून ते कागदावर उतरवलेलं असतं. आटपाडी, जत, दिघंचीकडे आजही चांगलं वाचणारी मुलं-मुली आहेत. शाळेत नाटकात काम करणारी, कीर्तनात मागे उभी राहणारी, आकाशवाणीच्या सांगली केंद्रावर कधीतरी बोलून आलेली. त्यांना शोधा. त्यांचा आवाज घासून गुळगुळीत नसेल. चालेल आम्हाला. आणि तसा वाचक मिळतच नसेल तर साध्या आवाजात, नक्कल न करता वाचा. बोलीचे शब्द सरळ उच्चारले तरी आत्यांच्या कानात त्यांचा हेल आपोआप येतो. नकली हेल मात्र तो खरा हेल येऊ देत नाही.

असंच पात्रांच्या आवाजांचं. पुरुष अभिवाचक बाईचा संवाद आला की आवाज बारीक करतात. का? बायका अशा बोलत नाहीत. माझ्याकडे दिवसभर बायका येतात, त्यातल्या निम्म्या तरी भरदार आवाजाच्या आहेत. आणि म्हातारं पात्र आलं की थरथर. एका कौटुंबिक कादंबरीत आजी होती, शहाणी, घर चालवणारी, सगळे निर्णय तिचेच. अभिवाचकांनी तिला पहिल्या वाक्यापासून अशी कापरी केली की ती आता जाते की मग जाते असं वाटावं. दोन भाग झाल्यावर आत्यांनी मला हळूच विचारलं, "माजा आवाज असा थरथरतुया का गं?" मी नाही म्हणाले. खरंच नाही थरथरत. पण त्या दिवशी संध्याकाळपर्यंत त्या कमी बोलल्या.

वाचणाऱ्यानं सगळी पात्रं वठवायची गरज नसते. ज्या पिढीनं कथाकथन ऐकलं तिला हे सांगावं लागत नाही. माडगूळकर, शंकर पाटील आणि द. मा. मिरासदार गावोगावच्या व्याख्यानमालांतून कथा सांगत फिरले. आत्यांनी लग्नाआधी शाळेच्या पटांगणात बसून ऐकलेलं आहे. समोर एक माणूस, एक माईक. संगीत नाही, दार वाजल्याचा आवाज नाही, कोंबडा आरवत नाही. कथा सांगणारा एकदा थांबायचा, समोरची माणसं हसून घ्यायची, मग तो पुढचं वाक्य टाकायचा. ते थांबणं आत्यांना अजून आठवतं. तुमच्या ध्वनिमुद्रणांत हे थांबणंच कापून टाकलेलं असतं. दोन वाक्यांमधली जागा सगळीकडे एकसारखी, जणू एका मापानं घातलेली टीप. माणूस दुःखाच्या वाक्यानंतर जेवढा थांबतो तेवढा जेवणाचं ताट वाढल्याच्या वाक्यानंतर थांबत नाही. वाचणारा थांबला असेलही, नंतर कुणीतरी रिकामी जागा म्हणून ती कापली असेल. कापू नका.

आणि त्या जागेत सतार भरू नका. मिरज तंतुवाद्यांचं गाव आहे. सतारी-तंबोरे बनवणारी घरं माझ्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत, तेव्हा सतारीशी माझं वैर असण्याचं कारण नाही. प्रकरणाच्या सुरुवातीला अर्धा मिनिट वाजवा, छान वाटतं. पण शब्दांच्या खाली सतत बासरी नको. आत्यांना एका कानानं कमी ऐकू येतं. तुम्हाला वातावरण वाटतं तो त्यांना अडथळा होतो. वय झालेल्या श्रोत्याला शब्द आणि वाद्य वेगळं काढायला मेहनत पडते आणि तासाभरात डोकं दुखतं. एका ऐतिहासिक कादंबरीत तर तुताऱ्या, घोड्यांच्या टापा आणि अभिवाचकांचं ओरडणं हे सगळं पहिल्या पानापासून होतं. लढाई दहाव्या प्रकरणात होती. ती आली तेव्हा त्यांच्याकडे वाढवायला आवाजच उरला नव्हता.

रडण्याचंही तेच. साने गुरुजींनी 'श्यामची आई' १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलं. त्यात मोठा झालेला श्याम आश्रमातल्या मित्रांना रोज रात्री प्रार्थनेनंतर आईच्या आठवणी सांगतो, म्हणून तर प्रकरणांना 'रात्र' म्हटलंय. म्हणजे सांगणारा माणूस पोरगा नाही. तो त्या दुःखातून बाहेर येऊन, समोर बसलेल्या माणसांकडे बघत सांगतोय. वाचणाऱ्याचा गळा पहिल्याच रात्री दाटला तर पुढच्या इतक्या रात्री ऐकणाऱ्यानं काय करायचं? असं पुस्तक रडत वाचलं की आमचं रडू आटतं. लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे' तर त्याहून अवघड. त्यात हसू आणि दुःख एकाच वाक्यात येतं, आणि बाई कुठेही 'आता दुःखाचं सांगते हं' असं सांगून थांबत नाहीत. ते त्यांनी जसं लिहिलं तसं, बोलता बोलता, पुढे जात वाचलं पाहिजे.

चांगलं सांगायचं राहून जाईल म्हणून इथेच सांगते. एका बाईचं आत्मकथन ऐकलं, नवऱ्याच्या आजारपणाचं. वाचणाऱ्या बाईंचा आवाज काही खास नव्हता, जरा घोगराच. पण प्रत्येक वाक्य त्यांना कळलेलं होतं. 'मी त्यांना काही बोलले नाही' हे वाक्य त्या पुस्तकात तीनदा येतं. पहिल्यांदा जोर 'मी'वर, दुसऱ्यांदा 'काही'वर, आणि शेवटी कशावरच नाही, नुसतं सपाट. तिसऱ्या वेळी माझ्या हातातली कात्री थांबली. अस्तर अर्धं कापून झालं होतं, ते तसंच ठेवून मी बसून राहिले. आत्याही गप्प होत्या. त्या दिवशी आम्ही दुसरं काही लावलं नाही. त्या बाईंचं नाव शोधायला मला दोन दिवस लागले, कारण ते पुस्तकात कुठे सांगितलेलंच नव्हतं. लेखकाचं नाव सुरुवातीला मोठ्यानं, प्रकाशनाचं नाव दोनदा, आणि १२ तास आमच्याशी बोललेल्या माणसाचं नाव नाही. हे बदला. सुरुवातीलाच सांगा, तोंडानं सांगा. पडद्यावर लिहिलेलं आत्यांना दिसत नाही.

पुस्तक पूर्ण आहे की कापलेलं, हेही तोंडानं सांगा. मी घड्याळ लावून बघितलंय: नेहमीच्या आकाराच्या छापील पानाला शांतपणे वाचलं तर अडीच मिनिटांच्या आसपास लागतात. ४०० पानांच्या कादंबरीला म्हणजे १६-१७ तास. तीच कादंबरी ७ तासांत संपली तर मधलं काय गेलं? एकदा आम्हाला संशय आला म्हणून वाचनालयातून पुस्तक आणून ताडून बघितलं. कादंबरीतल्या सासूच्या माहेरचं अख्खं प्रकरण नव्हतं. संक्षिप्त आवृत्ती काढायला हरकत नाही, पण ती संक्षिप्त आहे हे विकत घेण्याआधी कळलं पाहिजे.

कायदा दृष्टिहीनांच्या बाजूनं आहे, हेही मला आत्यांमुळेच कळलं. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ साली दुरुस्ती झाली आणि छापील मजकूर वाचू न शकणाऱ्यांसाठी पुस्तकाची सुलभ प्रत बनवायची वाट मोकळी झाली. याच कामासाठी झालेल्या २०१३च्या माराकेश कराराला २०१४ मध्ये सगळ्यात आधी मान्यता देणारा देश भारत होता. २०१६ पासून सुगम्य पुस्तकालय हे दृष्टिहीनांसाठीचं ऑनलाइन वाचनालय आहे. स्वयंसेवकांनी घरी बसून वाचलेली पुस्तकं आम्ही ऐकली आहेत. कुठे कुकरची शिट्टी येते, कुठे बाहेरून भाजीवाला ओरडतो. पण ते सुरुवातीला पुस्तकाचं नाव, लेखक, आवृत्तीचं साल, पानांची संख्या आणि स्वतःचं नाव सांगतात. मलपृष्ठही वाचतात. तळटीप आली तर 'तळटीप' म्हणतात आणि संपली की 'तळटीप समाप्त'. डेझी पद्धतीच्या, म्हणजे दृष्टिहीनांसाठी आत खुणा घालून बनवलेल्या, पुस्तकात प्रकरणावरून प्रकरणावर, पानावरून पानावर जाता येतं. पैसे घेऊन विकलेल्या पुस्तकात मात्र 'भाग १' ते 'भाग ५६' एवढंच असतं आणि प्रकरण कुठे सुरू झालं ते कळत नाही. स्वयंसेवकांना जे सुचतं ते तुम्हाला का सुचू नये?

आता यंत्राच्या आवाजाबद्दल. फोनवरचं वर्तमानपत्र, विजेचं बिल, नातवाचा निरोप हे सगळं आत्यांना यंत्रच वाचून दाखवतं आणि त्याबद्दल आम्ही कृतज्ञ आहोत. पण कादंबरी म्हणून विकत घेतल्यावर पलीकडे माणूस नाही हे अर्ध्या तासानं कळणं ही फसवणूक आहे. त्या पुस्तकात लग्नपत्रिका होती. 'चि. सौ. कां.' आलं आणि आवाज म्हणाला, "ची. सौ. का." प्रत्येक टिंबापाशी वाक्य संपल्यासारखा थांबून. 'कै.' आलं तिथंही तसंच. मराठी घरात वाढलेलं दहा वर्षांचं पोरही 'चिरंजीव सौभाग्यकांक्षिणी' म्हणेल. यंत्राचा आवाज वापरायचा तर वापरा, स्वस्तात द्या, पण तसं सांगून द्या.

माझी मागणी एका माणसाची आहे. प्रत्येक पुस्तकामागे एक जण, जो हातात छापील प्रत घेऊन, पेन्सिल घेऊन, पूर्ण ध्वनिमुद्रण ऐकेल. मुद्रितशोधकाला देता तसा त्याला मोबदला द्या आणि त्याचंही नाव सांगा. हे काम दृष्टिहीन माणसं तुमच्या-माझ्यापेक्षा चांगलं करतील, त्यांचे कान तयार असतात. अभिवाचकाला पुस्तक आधी आठवडाभर घरी न्यायला द्या. गावांची, माणसांची नावं शंकेची असतील तर लेखकाला विचारा, लेखक नसेल तर त्या गावात फोन करा. आणि पुस्तक आल्यावर चूक सापडली तर ती फाइल बदला. छापील पुस्तकाला दुसऱ्या आवृत्तीची वाट बघावी लागते, तुम्हाला तर एवढीशी जागा पुन्हा वाचून जोडायची असते. आम्ही उसवून पुन्हा शिवतोच ना.

माझ्याकडे गिऱ्हाइकांच्या मापांची वही आहे. तिच्या मागच्या बाजूनं मी अशा जागा लिहून ठेवत आले: पुस्तकाचं नाव, भाग, कितवं मिनिट, काय म्हटलं आणि काय हवं होतं. काही आत्यांनी पकडलेल्या आहेत, त्यांच्यापुढे 'आ' लिहिलंय. सतरा पानं भरली आहेत. कुठल्या पत्त्यावर पाठवायची ते कळवा, मी स्वच्छ अक्षरात उतरवून पाठवते.

आपली,
मिरजेची एक श्रोती
(आणि आत्या)